तळ्यांतील जिवंत खाद्य व त्याचें विरजण

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या भागांतील पुष्कळ बागाइतदारांनीं शेततळीं खणलीं, त्यांस प्लास्टिकचें अस्तर घातलें, आणि पाणी सांठलेंच आहे तर त्यांत मासेही वाढवावे, अशा विचारानें रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडलें. कोणास बरें उत्पन्न आलें. कोणाचे मासे दोन वर्षें लोटलीं तरी वीतभरच राहिले. ज्यांचे मासे वाढले नाहींत त्यांपैकीं कित्येकांनीं असा प्रश्न विचारला आहे कीं, शहरांतील हौशी लोक कांचेच्या टांकींतील माशांकरितां जिवंत सूक्ष्म प्राण्यांच्या बाटल्या विकत घेऊन पाण्यांत ओततात, तसें आपण आपल्या तळ्यांत केलें तर लाभ होईल काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर एका तळ्यास 'होय' असें आहे व दुसऱ्या तळ्यास 'नाहीं' असें आहे. कोणत्या तळ्यास कोणतें उत्तर लागू पडतें हें समजण्यासाठीं ह्या प्राण्यांचा स्वभाव थोडासा ओळखला पाहिजे. तेवढेंच ह्या लेखांत योजिलें आहे.

हे प्राणी कोणते?

सकाळच्या वेळीं तळ्याच्या कांठचें पाणी कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडाकडे धरावें. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे पांढुरके ठिपके त्यांत हालतांना दिसतील. जो ठिपका उड्या मारीत वर-खालीं होतो तो डाफ्निया. त्यास पाण्यांतील पिसू असेंही म्हणतात. जो एक झटका देऊन पुढें सरकतो, क्षणभर थांबतो व पुन्हां झटका देतो, तो कॉपेपॉड. हें नांव ग्रीक शब्दांपासून झालेलें असून त्याचा अर्थ 'वल्ह्यासारख्या पायांचा' असा आहे. हे दोन्ही प्राणी झिंगे व खेंकडे यांच्या गणगोतांतले आहेत. याहून बारीक, नुसत्या डोळ्यांस धड न दिसणारे रोटिफर नांवाचे प्राणीही त्याच पेल्यांत असतात. या सर्वांस मिळून प्राणी-प्लवंग म्हणतात. आणि ज्या सूक्ष्म वनस्पतींमुळें पाण्यास हिरवट रंग येतो त्यांस वनस्पती-प्लवंग म्हणतात. हिरव्या वनस्पतींवर हे प्राणी जगतात व ह्या प्राण्यांवर मासे पोसतात. आपल्या परिचयाच्या माशांपैकीं कटला तर पाण्याच्या वरच्या थरांत राहून मुख्यतः प्राणी-प्लवंगच गाळून खातो.

गोड्या पाण्यांतील कॉपेपॉडांपैकीं सर्वांत ओळखीचा तो सायक्लॉप्स. त्याच्या कपाळावर मध्यभागीं एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक कथांतील एकाक्ष राक्षसाचें नांव त्यास मिळालें आहे. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरापासून दोन मिलिमीटरांपर्यंत असते. मादीच्या शेपटीच्या दोन्ही अंगांस अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात, त्यामुळें साध्या भिंगाखालींही ती चटकन ओळखूं येते. अंड्यांतून निघालेलें पिलूं आईसारखें दिसत नाहीं. प्रथम त्याच्या सहा अवस्था होतात, मग निराळ्या रूपाच्या पांच अवस्था होतात, आणि त्यानंतर तें पूर्ण वाढीस पोंचतें. आपल्याकडील उबदार पाण्यांत हा सर्व प्रवास दोन-तीन आठवड्यांत उरकतो. डाफ्नियाची मादी अनुकूल काळीं नरावांचूनच पिलें देते, म्हणून तिची वाढ याहून जलद होते. आणि रोटिफरांची तर सर्वांत जलद. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

येथें एका शंकेचा निकाल करितों. सायक्लॉप्स हें नांव ऐकतांच वयस्क मंडळींस नारूची आठवण होईल. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरींत उतरला म्हणजे त्याच्या जखमेंतून कृमीचीं पिलें पाण्यांत पडत, सायक्लॉप्स तीं खाई, आणि तें पाणी न गाळतां पिणाराच्या पोटांत सायक्लॉप्साबरोबर रोगही जाई. महाराष्ट्रांतील कित्येक गांवें ह्या रोगानें पीडलीं होतीं. पाणी फडक्यानें गाळणें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें व हातपंप बसविणें या उपायांनीं तो हटला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला. तात्पर्य, सायक्लॉप्स स्वतः रोग उत्पन्न करीत नाहीं. तो रोगाचा वाहक होता, आणि तो रोगच आपल्या देशांतून गेला आहे. तथापि शेततळ्याचें पाणी पिण्यास घेऊं नये, हा नियम अन्य अनेक कारणांनीं कायमच आहे.

कांचेच्या टांकीचा धडा

बाटलीची पद्धत ज्या ठिकाणीं निघाली तेथील अनुभव प्रथम पाहूं. माझा एक भाचा मुंबईस असतो. त्याच्या घरीं खाऱ्या पाण्याची टांकी आहे. तींत समुद्रांतील खडकांसारखे सच्छिद्र खडक रचलेले असून त्यांच्या फटींतून रंगीत मासे फिरतात. टांकी दीड वर्षाची जुनी, पाणी स्थिरावलेलें, खडकांवर बारीक जीवांची वस्ती झालेली. अशा टांकींत त्यानें मँडरीन जातीचा एक मासा आणून सोडला. हा मासा बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेषांचा, फार देखणा असतो. पश्चिम प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या आश्रयास तो राहतो. तो दिवसभर खडक चोंखाळीत एकेक कॉपेपॉड टिपून खातो, आणि सुक्या खाद्यास सहसा तोंड लावीत नाहीं.

पहिले दोन महिने मासा तजेलदार होता. मग त्याचें पोट खोल गेलें व पाठीचा कणा दिसूं लागला. टांकी जुनी होती व पाणी निर्मळ होतें. परंतु खडकांवर जेवढी वस्ती होती ती त्यानें खाऊन संपविली होती. भाच्यानें जिवंत कॉपेपॉडांची बाटली आणली व भर दिवसा पंप चालू असतांना टांकींत ओतली. कांहीं जीव गाळणींत गेले, कांहीं इतर माशांनीं गिळले, आणि दुसऱ्या दिवशीं टांकी पूर्वीसारखीच रिकामी झाली. अशा तीन बाटल्या त्यानें घालविल्या.

चौथ्या खेपेस एका अनुभवी गृहस्थाच्या सांगण्यावरून त्यानें रीत बदलली. मोठ्या टांकीशेजारीं एक लहान टांकी ठेवून दोहोंचें पाणी एकमेकींत खेळतें केलें. लहान टांकींत समुद्री शेवाळाचा गुंता ठेवला, त्यावर दिवा लावला, व तेथें मासा जाणार नाहीं अशी व्यवस्था केली. मग बाटली रात्रीं, दिवे मालवून, पंप व गाळणी तासभर बंद ठेवून, अर्धी ह्या शेवाळांत व अर्धी खडकांच्या बुडाशीं हळूच सोडली. कॉपेपॉडांना खाण्यास म्हणून सूक्ष्म हिरव्या वनस्पतींचें पाणी तो थोडथोडें घालीत गेला. महिना-सवा महिन्यानें लहान टांकीच्या कांचेवर पांढुरके ठिपके फिरतांना दिसूं लागले व तेथून ते वाहत मोठ्या टांकींत जाऊं लागले. माशाचें पोट भरलें. त्यानंतर त्यास वारंवार बाटली घ्यावी लागली नाहीं.

पहिल्या तीन बाटल्यांत व चौथींत माल एकच होता. अंतर एवढेंच कीं, पहिल्या तीन खेपांस त्यानें बाटलीस खाद्य मानलें आणि चौथ्या खेपेस बियाणें मानलें. आपल्या घरांतील दृष्टांत द्यावयाचा तर तें विरजण आहे. चमचाभर विरजणानें घडाभर दहीं होतें खरें, परंतु घड्यांत आधीं दूध पाहिजे, तें बेताचें कोमट पाहिजे, आणि रात्रभर तें कोणी ढवळतां कामा नये. त्याचप्रमाणें ह्या जीवांस अन्न, आसरा व अवधि ह्या तीन गोष्टी पाहिजेत. तिन्हींपैकीं एक जरी नसली तरी बाटलीचे पैसे पाण्यांत गेले असें समजावें.

आणखी एक गोष्ट. टांक्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या बाटल्यांतील जीव बहुधा समुद्रांतील जातीचे असतात. ते विहिरीच्या किंवा पाटाच्या गोड्या पाण्यांत पडतांच मरतात. विकणारानें कांहींही सांगितलें तरी खाऱ्या पाण्याची बाटली शेततळ्याकरितां घेऊं नये.

मातीचें तळें आणि अस्तराचें तळें

आतां आपल्या तळ्यांकडे वळूं. गांवचें जुनें मातीचें तळें चैत्र-वैशाखांत आटतें, त्याच्या तळास भेगा पडतात. आणि मृगाच्या पावसानें तें भरल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्यांत पुन्हां हे सर्व जीव बुजबुजूं लागतात. ते कोणी आणून सोडले? कोणीही नाहीं. पाणी आटूं लागलें कीं डाफ्निया कठीण कवचांतील अंडीं घालते. कॉपेपॉडांच्या कांहीं जाती टिकाऊ अंडीं घालतात, व सायक्लॉप्साच्या कांहीं जातींचीं अर्धवट वाढलेलीं पिलें चिखलांत गाढ निद्रिस्त होऊन राहतात. म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ हेंच ह्या बियाण्याचें पेंव आहे. अशा तळ्यांत विकतची बाटली ओतणें म्हणजे भरल्या पेंवांत मूठभर दाणे टाकण्यासारखें आहे. तेथें उणीव असली तर ती बहुधा अन्नाची असते, बियाण्याची नसते.

अस्तराच्या तळ्याची गोष्ट अगदीं वेगळी आहे. '२०१६' सालच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेपासून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशीं तळीं सर्वांच्या ओळखीचीं झालीं आहेत. पाणी मुरूं नये म्हणून प्लास्टिक घातलें कीं मातीशीं पाण्याचा संबंध तुटतो. गाळ नाहीं, गवताचीं मुळें नाहींत, कांठास खांचखळगा नाहीं. चारी बाजू गुळगुळीत. पाणी बोअरचें असेल तर त्यांत जीवांचें मूळही नसतें. असें तळें म्हणजे मोठी कांचेची टांकीच होय. त्यांतील मासे आपण टाकूं तेवढेंच खातात, आणि पेंड महाग झाली कीं उपाशी राहतात. म्हणून विरजणाचा खरा उपयोग आहे तो अशा तळ्यांत. आणि तोही पुढील क्रमानें गेल्यासच.

पहिलें अन्न. पाण्यास हलका हिरवट रंग येईपर्यंत जीव सोडूं नयेत. अस्तराच्या तळ्यांत शेण मोकळें टाकूं नये, कारण तें तळाशीं बसून कुजतें. ताजें शेण गोणपाटाच्या पोत्यांत भरून तीं पोतीं तळ्याच्या कोपऱ्यांत अर्धवट बुडतील अशीं दोरीनें टांगावींत. प्रथम दोनच पोतीं लावावींत व आठ दिवस वाट पाहावी. हात पाण्यांत सरळ उभा घालून पाहावा: कोपर बुडण्याच्या सुमारास तळवा दिसेनासा झाला तर रंग बेताचा आहे. खांद्यापर्यंत हात घालूनही तळवा स्वच्छ दिसला तर आणखी एक पोतें लावावें. मनगटापर्यंतच बुडवितां दिसेनासा झाला तर पोतीं ताबडतोब काढावींत. अतिशय हिरव्या पाण्यांत पहांटे प्राणवायु कमी पडतो व मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. शिवाय ज्यांचें ठिबक ह्याच तळ्यावर आहे त्यांच्या नळ्या शेवाळानें तुंबतात. त्यांनीं वाळूची गाळणी वरचेवर धुण्याची तयारी ठेवूनच हा मार्ग धरावा.

दुसरा आसरा. तळ्याच्या एका कोपऱ्यांत मच्छरदाणीच्या जाळीचा, वरून उघडा असा चौकोनी पिंजरा बांबूंस बांधावा. मत्स्यव्यवसायांत यास हापा म्हणतात. मासे आंत ठेवण्याकरितां हापा वापरतात. आपण तो मासे बाहेर ठेवण्याकरितां वापरावयाचा. आंत भाताच्या पेंढ्याच्या दोन-तीन लहान जुड्या टांगाव्या, म्हणजे पेंढ्याच्या आधारानें जीव वाढतात, आणि जाळींतून थोडे थोडे बाहेर पडून माशांच्या तोंडीं लागतात. पेंढा कुजून काळा पडूं लागतांच बदलावा. जाळीवर शेवाळ चढून छिद्रें बुजतात, म्हणून आठवड्यास एकदां ती केरसुणीनें झाडावी. भाच्याच्या लहान टांकीचें जें काम, तेंच ह्या पिंजऱ्याचें.

तिसरा अवधि. विरजण सोडल्यावर महिनाभर तरी फळ दिसण्याची उतावीळ करूं नये, आणि ह्या काळांत माशांचें रोजचें खाद्य बंद करूं नये.

विरजण कोठून आणावें?

ह्या बाबतींत मीं स्वतः केलेली चूक सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. २०२१ सालीं माझ्या अस्तराच्या तळ्यांत रोहू व कटला मिळून बाराशें बोटुकल्या होत्या. विकतची बाटली घेण्यापेक्षां फुकटचें विरजण बरें, असा हिशेब करून मीं शेजारच्या गांवच्या तळ्यांतून चार घागरी पाणी आणलें व तसेंच ओतलें. त्या तळ्यांत मासे मोठे होतात, एवढेंच मीं पाहिलें होतें. पांच-सहा आठवड्यांनीं मासे कांठाच्या प्लास्टिकवर अंग घासूं लागले. एक धरून पाहिला तों खवल्यांमधून दोऱ्यासारखे बारीक तंतू लोंबत होते, व जेथून ते निघाले होते तेथें लाल व्रण पडले होते. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांनीं तें लर्निया असल्याचें सांगितलें. त्यास नांगरी कृमि म्हणतात, कारण मादी आपलें डोकें नांगरासारखें माशाच्या मांसांत रोवून बसते. परंतु हा कृमि नव्हे. हाही एक कॉपेपॉडच आहे. त्याचीं पिलें प्रथम इतर कॉपेपॉडांसारखीं पाण्यांत मोकळीं पोहतात व मग माशास चिकटतात. म्हणजे जें विरजण मीं आणलें त्यांतच चोर होता. त्या सालीं तीनशेंवर मासे मेले, आणि उरलेल्यांच्या अंगावर डाग राहिल्यानें त्यांस भाव आला नाहीं. शेवटीं तळें उपसून, वाळवून पुन्हां आरंभ करावा लागला.

त्यानंतर मीं पुढील रीत पाळीत आलों आहें.

(१) विरजण मासे नसलेल्या पाण्यांतूनच घ्यावें. गुरांच्या पाण्याचा जुना हौद, पडीक विहीर, खाणीचा खड्डा, जेथें कोणीं कधीं मासे सोडले नाहींत, अशी जागा पाहावी. हे जीव रात्रीं वर येतात व उजेडाकडे जमतात. म्हणून अंधार पडल्यावर कांठाशीं विजेरी धरून दहा-पंधरा मिनिटांनीं तेथलें पाणी घ्यावें.

(२) तें पाणी आधीं मच्छरदाणीच्या जाळींतून गाळावें. चतुराच्या अळ्या, पाण्यांतील ढेकूण, बेडकांचीं पिलें व चुकून आलेले मासे वर राहतात. हे सर्व बीजाचे वैरी आहेत, ते तेथेंच टाकावे. खालीं आलेलें पाणी मग दाट विणीच्या तलम कापडांतून हळू ओतावें. कापडावर जो पांढुरका, हालता साका राहतो तेंच विरजण. तो कोरडा पडूं न देतां लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलींत झाडावा.

(३) हें विरजण थेट तळ्यांत घालूं नये. सिमेंटच्या हौदांत किंवा मोठ्या पिंपांत, मासे मुळींच न ठेवतां, तीन-चार आठवडे वाढवावें. पाण्यास थोडा हिरवट रंग येण्यापुरती शेणाची निवळ घालावी. परोपजीवी पिलांस मासा न मिळाल्यानें तीं ह्या मुदतींत मरतात, आणि निरुपद्रवी जीव वाढतात. गुरांस जसें नव्या जनावरापासून कांहीं दिवस अलग ठेवतों, त्यांतलाच हा प्रकार आहे. वाढविण्याच्या पिंपावर जाळी मात्र अवश्य बांधावी. नाहीं तर त्यांत डांस अंडीं घालतात.

(४) सोडण्याची वेळ सूर्यास्तानंतरची. बादलींतील पाण्यांत तळ्याचें पाणी थोडथोडें मिसळून अर्ध्या तासानें दोहोंची ऊब सारखी करावी, आणि मग सर्व विरजण पिंजऱ्याच्या आंत पेंढ्याजवळ सोडावें. पाणी उपसण्याचा पंप त्या रात्रीं बंद ठेवावा.

बारीक बीजाच्या तळ्यांत उलटा नियम

वरील सर्व विवेचन बोटुकली किंवा त्याहून मोठे मासे असलेल्या तळ्याविषयीं आहे. ज्यांस मत्स्यजिरें आणून बीज तयार करावयाचें आहे, त्यांनीं कॉपेपॉड मुद्दाम सोडूं नयेत. कटक येथील केंद्रांत हिरालाल चौधरी यांनीं १९५७ सालीं कार्प माशांस टोंचणी देऊन त्यांची अंडीं घालविण्यांत यश मिळविलें, तेव्हांपासून जिरें पाहिजे तेवढें मिळूं लागलें आहे; परंतु तें जगविण्याची अडचण शेतकऱ्याच्याच पदरीं आहे. तीन दिवसांचें जिरें पांच-सहा मिलिमीटर लांबीचें व अत्यंत नाजूक असतें. सायक्लॉप्स अशा पिलांस उलट चावे घेतो व मारतो. मोठा मासा ज्यास खातो, तो लहानपणीं त्या माशास खातो, असा हा न्याय आहे. ह्या वयांतील पिलांस रोटिफर व लहान डाफ्निया हेंच योग्य खाद्य होय.

नव्यानें खत घातलेल्या पाण्यांत प्रथम रोटिफर, मग डाफ्निया व शेवटीं कॉपेपॉड असा क्रम लागतो, हें मागें सांगितलेल्या वाढीच्या गतीवरून सहज कळेल. म्हणून जिरें वेळेवर सोडणें हीच खरी युक्ति आहे. फार उशीर झाला तर पाणी सायक्लॉप्स व कीटक यांनीं व्यापलेलें असतें. सुमारें १० गुंठ्यांच्या मातीच्या संगोपन-तळ्यास भुईमुगाची पेंड ७५ किलो, शेण २० किलो व सुपर फॉस्फेट ५ किलो हें मिश्रण वापरतात. त्यांपैकीं निम्में एक रात्र भिजवून जिरें सोडण्यापूर्वीं दोन-तीन दिवस पाण्यांत पसरावें व उरलेलें पुढें थोडथोडें द्यावें. जिरें सोडण्याच्या आदल्या दिवशीं ५.६ किलो खाद्यतेल व १.८ किलो साबण यांचें मिश्रण पृष्ठभागावर पसरल्यास वर येऊन श्वास घेणारे कीटक गुदमरून मरतात. एवढ्या तळ्यास तीन ते पांच लाख जिरें पुरे. तलम जाळींतून ५० लिटर पाणी गाळलें असतां खालीं १ ते २ घन सेंटिमीटर प्लवंग बसलें, तर पाण्यांत खाद्य पुरेसें आहे असें समजावें. पंधरा दिवसांनीं पिलें इंचभर झालीं म्हणजे त्यांस सायक्लॉप्साचें भय उरत नाहीं. तेव्हांपासून तो त्यांचें अन्न होतो.

एक अखेरची खबरदारी

कॉपेपॉड व डाफ्निया हे कवचधारी जीव कीटकांचे दूरचे आप्त असल्यानें पिकांवर मारण्याच्या कीटकनाशकांनीं ते माशांच्याही आधीं मरतात. मासे जिवंत दिसतात म्हणून पाणी निर्धोक आहे असें मानूं नये. फवारणीचा पंप तळ्यावर धुणें, औषधाची बाटली तळ्यांत विसळणें, अथवा वारा तळ्याकडे वाहत असतां कांठच्या पिकावर फवारणी करणें, यांपैकीं एका चुकीनें महिन्याची मेहनत एका दिवसांत नाहींशी होते. ज्यांचें विरजण दोन-तीनदां लागलें नाहीं त्यांनीं प्रथम ह्या कारणाचा शोध करावा.

सारांश असा. मातीच्या जुन्या तळ्यास बियाण्याची गरज नाहीं, खत-पाण्याची आहे. अस्तराच्या तळ्यास बियाण्याची गरज आहे, परंतु अन्न व आसरा यांची सिद्धता झाल्यानंतर. जिऱ्याच्या तळ्यास कॉपेपॉड नकोतच. आणि कोणत्याही तळ्यांत दुसऱ्या मासळीच्या तळ्याचें पाणी तसेंच ओतूं नये.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं दर आठ दिवसांनीं, त्याच वेळीं व त्याच कोपऱ्यांतलें पाणी पेल्यांत घेऊन त्यांतील हालते ठिपके मोजावे आणि तारीख घालून वहींत टिपून ठेवावे. आंकडा वाढत असेल तर पेंडीचें प्रमाण थोडें कमी करून पाहावें. तो अचानक खालीं आला तर त्याच आठवड्यांत शेतांत काय काय केलें हें आठवावें. बहुतेक वेळां कारण वहींतच सांपडेल.